व्हिडिओ बघताना बॅटरी नक्की खातं कोण?

मोबाइलवर व्हिडिओ बघताना बॅटरी संपते ती जास्त डेटा गेल्यामुळे, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग क्वालिटी एकदम १४४पी वर आणून ठेवतात, खेळाडूचं तोंड कुठलं आणि हेल्मेट कुठलं तेही कळत नाही तरी सहन करतात, आणि एवढं करून बॅटरी जवळपास तेवढीच उतरते. मग फोनला शिव्या. फोन बिचारा ठीकच असतो. गोष्ट अशी आहे की फोनमधला टॉवरशी बोलणारा जो भाग असतो, त्याला आपण इथे रेडिओ म्हणू, तो किती एमबी आले यापेक्षा किती वेळ जागा राहिला यावर बॅटरी खातो. एवढं एक लक्षात आलं ना, की मग दोन तासांची लाइव्ह मॅच त्याच क्वालिटीच्या दोन तासांच्या सिनेमापेक्षा जास्त बॅटरी का घेऊ शकते, वायफायवर फोन जास्त का टिकतो, लोकलमध्ये एपिसोड बघताना टक्के धडाधड का पडतात, सगळ्याची उत्तरं एकाच ठिकाणी सापडतात.

आधी थोडा हिशोब. आजकाल ५००० एमएएचची बॅटरी कॉमन आहे. तिचा व्होल्टेज साधारण ३.८५ धरला तर आत एकूण १९ वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. व्हिडिओ चालू असताना फोन सरासरी दीड वॉट ओढत असेल तर ती पावणेतेरा तास पुरेल, आणि अडीच वॉट ओढत असेल तर पावणेआठ तासांच्या आतच खेळ खल्लास. म्हणजे फरक फक्त एका वॉटचा, पण पाच तास गेले. हा एक वॉट वाचवायचा कुठून, सगळी मारामारी त्याचीच आहे.

ओढणारे मुख्य तिघं. एक स्क्रीन, दुसरी ती चिप जी आलेला व्हिडिओ उलगडून चित्र बनवते, आणि तिसरा हा रेडिओ. स्पीकर वगैरे आहेत पण या तिघांपुढे ते किरकोळ. स्क्रीनचं सगळ्यांना माहीत असतं कारण ती डोळ्यांना दिसते, रेडिओ दिसत नाही म्हणून त्याचं पाप दुसऱ्यांच्या नावावर जातं.

तर रेडिओचं असं असतं. ४जीमध्ये फोन टॉवरशी दोनपैकी एका अवस्थेत असतो, कनेक्टेड किंवा आयडल. आयडल म्हणजे जवळजवळ झोपलेला, मधूनमधून फक्त कान टवकारून बघतो की आपल्यासाठी कॉल-मेसेज काही आहे का, अगदी कमी ऊर्जा लागते. डेटा लागला की तो कनेक्टेड होतो आणि खरा खर्च सुरू होतो. इथवर सरळ आहे. गंमत पुढे आहे, डेटा येऊन संपला तरी रेडिओ लगेच झोपत नाही. अजून काही येईल म्हणून काही सेकंद तसाच थांबून राहतो. रिक्षा दुकानासमोर उभी करून आत गेलात तर रिक्षा जागची हलत नाही पण मीटरवर वेटिंग पडतच राहतं, तसंच हे. आणि हे वेटिंग थोडंथोडकं नसतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या आणि एटी अँड टी लॅब्जच्या संशोधकांनी तिथल्या ४जी नेटवर्कवर मोजलं तर शेवटचं पॅकेट, म्हणजे डेटाचं शेवटचं छोटं पुडकं, आल्यावर रेडिओ साधारण साडेअकरा सेकंद जागा राहत होता, आणि त्या काळच्या फोनवर या नुसत्या थांबण्याला सुमारे एक वॉट जात होता. वायफायवर हाच वेळ पाव सेकंदाच्या आत होता. बघा फरक.

बरं, हे किती सेकंद थांबायचं ते फोन ठरवत नाही, कंपनीचं नेटवर्क ठरवतं. त्यांचंही अगदीच चूक नाही म्हणा. झोपलेल्या फोनला परत कनेक्ट करायला टॉवर आणि फोनमध्ये बऱ्याच निरोपांची देवाणघेवाण होते, आणि हजारो फोन दर दोन सेकंदांनी झोपायला आणि उठायला लागले तर टॉवरचा सगळा वेळ त्यातच जाईल, शिवाय आपल्याला प्रत्येक क्लिकला अडकल्यासारखं वाटेल. म्हणून ते टायमर थोडा लांब ठेवतात. कनेक्टेड असतानाही रेडिओला छोट्या छोट्या डुलक्या काढायची सोय ४जीमध्ये आहे, डीआरएक्स म्हणतात त्याला, त्याने वेटिंग जरा स्वस्त होतं पण फुकट होत नाही.

या वेटिंगमुळे काय होऊ शकतं याचं एक भारी उदाहरण २०११ चं आहे, तेही अमेरिकेतलंच. पँडोरा नावाचं गाण्यांचं ॲप होतं, त्याने गाण्याचं काम बरोबर केलेलं, अख्खं गाणं एका दमात उतरवून घ्यायचं आणि मग गप्प. पण कोण किती वेळ ऐकतंय हे मोजायला ते ॲप दर ६२.५ सेकंदांनी सर्व्हरला एक छोटासा निरोप पाठवायचं. एकूण डेटात या निरोपांचा वाटा होता ०.२ टक्के आणि रेडिओने खाल्लेल्या ऊर्जेत वाटा होता ४६ टक्के! म्हणजे गाणी आणायला जेवढी बॅटरी गेली जवळपास तेवढीच हजेरी लावायला गेली. डेटा आणि बॅटरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटवायला मला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता व्हिडिओकडे येऊ. हल्ली व्हिडिओ एका सलग फाइलसारखा येत नाही, तुकड्यातुकड्यांत येतो. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस आणलं आणि २०१२ मध्ये डॅश नावाचं स्टँडर्ड आलं, दोन्हींत कल्पना तीच, व्हिडिओ काही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा चार-पाच क्वालिटीत तयार ठेवायचा आणि फोनने नेट बघून पाहिजे तो मागायचा. क्वालिटी मधेच धूसर होते आणि परत सुधारते ती यामुळेच.

समजा ७२०पी व्हिडिओ आहे, सेकंदाला अडीच मेगाबिटचा, आणि तुकडे चार सेकंदांचे. एक तुकडा झाला १० मेगाबिट. तुमचं ४जी २० मेगाबिटने चालतंय, तर तुकडा अर्ध्या सेकंदात आला. पुढचे साडेतीन सेकंद रेडिओला काही काम नाही, पण टायमर आहे दहा-अकरा सेकंदांचा, तो संपायच्या आत पुढचा तुकडा हजर. म्हणजे तासाभरात खरं डाउनलोडिंग झालं साडेसात मिनिटं आणि रेडिओ जागा राहिला अख्खा तास. आता तुम्ही क्वालिटी कमी करून एक मेगाबिटवर आणली. डाउनलोडिंग झालं तीन मिनिटं, डेटा निम्म्याहून कमी झाला, छान, पण रेडिओ? अजूनही अख्खा तास जागाच. डेटा सेव्हर लावून बॅटरी फारशी वाचत नाही ती का, ते आलं ना लक्षात.

उलट हाच ७२०पी व्हिडिओ पाच-पाच मिनिटांच्या मोठ्या घासात उतरवला तर? एका वेळी ७५० मेगाबिट म्हणजे साडेसदतीस सेकंद डाउनलोड, मग दहा सेकंद वेटिंग, आणि मग चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ रेडिओ निवांत झोपलेला. तासाभरात एकूण जागरण साडेनऊ मिनिटं. तोच व्हिडिओ, तीच क्वालिटी, तेवढाच डेटा, आणि रेडिओचं जागणं साठ मिनिटांवरून साडेनऊवर. अर्थात दुसरं कुठलंही ॲप मधे मधे नेट वापरत नसेल तर, कारण व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये गुड मॉर्निंगचा पाऊस चालू असेल तर रेडिओला कोण झोपू देतोय.

मग सगळी ॲप असं का करत नाहीत? कारण आपण. आपण व्हिडिओ पूर्ण बघत नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ लावायचा, चाळीस सेकंद बघायचा, कंटाळा आला की पुढचा. ॲपने उत्साहात दहाच्या दहा मिनिटं आधीच उतरवून ठेवला असता तर त्यातला बहुतेक सगळा डेटा वाया, तो आणायला गेलेली बॅटरीसुद्धा वाया, आणि कंपनीचं सर्व्हरचं बिल वेगळंच. म्हणून प्लेयर मधला मार्ग काढतात. अँड्रॉइडवर बरीच ॲप एक्सोप्लेयर नावाचा गूगलचा प्लेयर आतून वापरतात, त्यात मुळात साधारण ५० सेकंदांचा साठा पुढे ठेवायचं सेटिंग आहे, बनवणारा ते बदलू शकतो. मग हा साठा थेंबथेंब भरत ठेवायचा की बराचसा रिकामा होऊ देऊन एकदम भरायचा हा खरा प्रश्न. थेंबथेंब भरला तर व्हिडिओ अडकायची भीती कमी पण रेडिओ सतत जागा, एकदम भरला तर रेडिओला झोप पण मधेच नेट गेलं तर गोल गोल चक्र फिरायला लागतं. माझं मत विचाराल तर कंपन्या चक्राला जास्त घाबरतात, कारण व्हिडिओ अडकला की लोक ॲपला शिव्या घालतात आणि बॅटरी उतरली की फोनला.

लाइव्ह मॅचचं दुखणं तर याहून वेगळं. सिनेमा आधीच बनलेला आहे, पाच मिनिटं पुढचा भाग उतरवून घेता येतो. मॅचमध्ये पुढची ओव्हर अजून टाकलेलीच नाहीये, उतरवणार काय? त्यामुळे तुकडे जसे तयार होतील तसे दर काही सेकंदांनी आणत राहायचं, दुसरा इलाजच नाही. आणि आयपीएलमध्ये शेजारच्यांचा टीव्ही आधी ओरडतो, आपल्या फोनवर सिक्स नंतर पडतो, हे कुणालाच नको असतं, त्यामुळे कंपन्या हा उशीर कमी करायच्या मागे लागल्यात. उशीर कमी करायचा म्हणजे तुकडे अजून छोटे करायचे आणि हाताशी साठा अजून कमी ठेवायचा. म्हणजे रेडिओला उरलीसुरली डुलकीही नाही. तेव्हा मोबाइल डेटावर अख्खी मॅच बघायची तर चार्जर जवळ ठेवा, नाहीतर घरच्या वायफायवर बघा, यात सेटिंगची जादू काही चालत नाही.

वायफाय स्वस्त का पडतं ते पण बघू. वायफायमध्ये झोपायची सोय अगदी १९९७ च्या पहिल्या स्टँडर्डपासून आहे. फोन राउटरला सांगून झोपतो, राउटर त्याच्यासाठी आलेली पॅकेट्स स्वतःकडे धरून ठेवतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटी हाळी देतो, त्यात कोणाकोणाचं सामान आलंय त्याची यादी असते. फोन तेवढ्यापुरता उठतो, यादीत आपलं नाव नसेल तर परत झोपतो. हे सगळं घरातल्या घरात चाललेलं असल्यामुळे झोपणं-उठणं स्वस्त पडतं, त्यामुळे तुकड्यातुकड्यांचा व्हिडिओसुद्धा वायफायवर फार महाग जात नाही. वायफाय ६ मध्ये तर फोन आणि राउटर आधीच वेळ ठरवून घेऊ शकतात की मी अमुक वेळी उठेन तेव्हाच दे, म्हणजे सारखं डोकवायचीही गरज नाही, फक्त राउटर आणि फोन दोघांनाही ते जमायला पाहिजे.

आता सिग्नल. सगळ्यात जास्त बॅटरी जाते ती इथे आणि सगळ्यात कमी लक्ष जातं तेही इथेच. टॉवर जवळ असेल, सिग्नल स्वच्छ असेल तर ४जीमध्ये एका खेपेत आठ बिट पाठवता येतात, सिग्नल खराब झाला की ते दोनवर येतं, वर चुका दुरुस्त करायला जादा माहिती जोडावी लागते ते वेगळंच. म्हणजे तोच तुकडा आणायला चौपट किंवा त्याहून जास्त वेळ रेडिओ पूर्ण ताकदीने चालू. आणि कोणी म्हणेल आपण तर फक्त घेतोय, पाठवतोय कुठे, तर तसं नाही, पॅकेट मिळाल्याची पोच फोनला सतत परत पाठवावी लागते, आणि टॉवर लांब असेल तर फोन ती ओरडून पाठवतो. फोनच्या अँटेनातून जास्तीत जास्त २०० मिलिवॉट बाहेर पडतात पण तेवढे बाहेर काढायला आतला ॲम्प्लिफायर बॅटरीतून त्याच्या कितीतरी जास्त ओढतो, बाकीची गरमी. फोन हातात तापतो तो उगीच नाही.

बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या आणि अमेरिकेतल्या काही संशोधकांनी मिळून २०१० मध्ये यावर बारटेंडर नावाचं एक काम केलं होतं. त्यांना दिसलं की सिग्नल कमजोर असताना एक बिट आणायला चांगल्या सिग्नलच्या सहापटीपर्यंत ऊर्जा लागू शकते. त्यांचा उपाय मला फार आवडतो, माणूस रोज त्याच रस्त्याने जातो, त्या रस्त्यावर सिग्नल कुठे चांगला कुठे वाईट हे फोनला हळूहळू कळू शकतं, मग चांगला पट्टा आला की पुढचं भरपूर उतरवून घ्यायचं आणि वाईट पट्ट्यात गप्प बसायचं. आपल्याकडे रोज कल्याण-सीएसएमटी करणाऱ्याला हे फोनपेक्षा जास्त पाठ असतं, कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे व्हिडिओ अडकतो ते. कोकण रेल्वेचं तर विचारूच नका, नव्वदच्या वर बोगदे, रत्नागिरीजवळचा करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा, त्यात शिरलं की फोन अर्धा वेळ टॉवर शोधण्यातच घालवतो. शोधणं हेसुद्धा कामच आहे, व्हिडिओ दिसत नसला तरी बॅटरी जातेय. अशा प्रवासात घरून वायफायवर, तेही फोन चार्जिंगला लावलेला असताना, एपिसोड डाउनलोड करून न्यायचे आणि गाडीत बघताना विमान मोड लावायचा. रेडिओचा खर्च शून्य, फक्त स्क्रीन आणि चिप. वीजबिलावर आणायचं आणि बॅटरीवर फक्त बघायचं.

५जीबद्दल लोक दोन्ही टोकाचं बोलतात. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा जिओने पूर्ण वेगळं ५जी उभं केलं आणि एअरटेलने सुरुवातीला ४जीच्या आधारावर चालणारं. दुसऱ्या प्रकारात फोनला ४जी आणि ५जी दोन्हींशी संधान ठेवावं लागतं, म्हणजे बॅटरीच्या दृष्टीने दोन दोन रेडिओ सांभाळायचे. दुसरीकडे ५जीमध्ये आयडल आणि कनेक्टेडच्या मधली एक अवस्था आणलीय, ज्यातून फोन झटकन परत कनेक्ट होऊ शकतो, त्यामुळे नेटवर्कला वाटलं तर टायमर छोटा ठेवता येतो. मोठं डाउनलोड असेल तर ५जी पटकन उरकतं आणि झोपतं, फायदा. पण चार चार सेकंदांचे तुकडे येत असतील तर तुकडा अर्ध्या सेकंदात आला काय आणि पाव सेकंदात आला काय, वेटिंग तेवढंच. घरात ५जीची एखादी काडी येते-जाते असं होत असेल तर व्हिडिओपुरतं सेटिंगमधून ४जी करून टाका, ४८०पीला ५जी लागत नाही.

चिपचं थोडक्यात. व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, तो उलगडायला फोनमध्ये खास वेगळं सर्किट असतं आणि ते फार कमी ऊर्जेत काम करतं. पण त्या सर्किटला ठरावीक पद्धतीच येतात. २००३ चं एच.२६४ हल्ली जवळजवळ प्रत्येक फोनला येतं, व्हीपी९ बऱ्याच फोनना येतं, २०१८ चं एव्ही१ मात्र अनेक स्वस्त फोनना येत नाही, आयफोनलाही ते २०२३ मध्ये १५ प्रोपासून यायला लागलं. सर्किटला येत नसेल तर मुख्य प्रोसेसरला ते काम सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि तो जास्त वीज घेतो. आता एव्ही१ मध्ये डेटा कमी लागतो हे खरं, म्हणजे इथेही तेच, डेटा वाचला आणि बॅटरी गेली. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये स्टॅट्स फॉर नर्ड्स म्हणून एक पर्याय सुरू करता येतो, त्यात कुठली पद्धत चाललीय ते दिसतं, फोन तापत असेल तर एकदा बघून घ्या.

स्क्रीनबद्दल फार सांगत नाही, ब्राइटनेस कमी केला की वाचते, हे सगळ्यांना माहितीय. एवढंच की डार्क मोडने व्हिडिओ बघताना फार फरक पडत नाही, कारण फुल स्क्रीनवर चित्र जे आहे तेच राहतं, आणि एलसीडी स्क्रीन असेल तर मागचा दिवा काळ्या चित्रालाही जळतच असतो. ओलेडमध्ये काळा भाग खरोखर बंद असतो, त्यामुळे तिथे अंधारे सीन स्वस्त पडतात, पण म्हणून कोणी अंधारे सिनेमे शोधून बघणार नाही.

एक गोष्ट मात्र घराघरात दिसते. आजी-आजोबा यूट्यूबवर कीर्तन लावतात, फोन शेजारी उताणा ठेवलेला, स्क्रीन फुल ब्राइटनेसवर, बघत कोणीच नाही, ऐकणं चाललंय. इथे स्क्रीन, चिप, रेडिओ तिघंही पूर्ण पगारावर. स्क्रीन बंद करून ऐकायची सोय यूट्यूब पैसे भरणाऱ्यांनाच देतं, ते नसेल तर निदान ब्राइटनेस तळाला न्या, आणि रोज तेच कीर्तन ऐकत असतील तर एकदाच वायफायवर ॲपमध्येच डाउनलोड करून द्या. आणि दोन फोन असतील आणि एकाच्या हॉटस्पॉटवर दुसरा व्हिडिओ बघत असेल तर लक्षात ठेवा, हॉटस्पॉट देणाऱ्याचा मोबाइल रेडिओ आणि वायफाय दोन्ही जागे आहेत, त्याला झोपायची सोय जवळजवळ नाहीच. प्रवासात चार्जर एकच असेल तर तो हॉटस्पॉटवाल्याला लावा, बघणाऱ्याला नाही.